क्लास आणि इन्स्टन्स: कापसाच्या काट्यावर शिकूया

बारावीनंतर बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा पॉलिटेक्निकला गेलेली आपल्याकडची मुलं इफ-एल्स आणि फॉर लूपपर्यंत बिनधास्त असतात. अडतात ती क्लासपाशी. व्याख्या पाठ असते: क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू. परीक्षेत दोन मार्क मिळतात, पण कोरी स्क्रीन समोर आली की पहिली ओळ कोणती लिहायची तेच सुचत नाही. याला पुस्तकांतली उदाहरणं बरीच जबाबदार आहेत असं माझं ठाम मत आहे. कुत्रा नावाचा क्लास आणि भुंकणे नावाची मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन)! कुत्र्यासाठी कुणालाच प्रोग्राम लिहायचा नसतो, त्यामुळे क्लासमुळे नेमकी कोणती अडचण सुटली ते दिसतच नाही.

म्हणून इथे खरं काम घेऊ. दिवाळीनंतर यवतमाळ-वर्ध्याकडच्या कापूस खरेदी केंद्रावर गेलात तर जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर आणि मधूनच एखादी बैलगाडी उभी दिसते. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. ग्रेडर कापूस हातात घेऊन पाहतो, मीटर लावून ओलावा मोजतो. गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे आपला कापूस. हे सगळं काटापट्टीवर उतरतं, आणि शेतकऱ्याच्या खात्यात किती पैसे येणार ते त्यावर ठरतं. ही काटापट्टी तयार करणारा छोटा प्रोग्राम आपण पायथनमध्ये लिहू.

आधी हत्यारं

लॅपटॉप असेल तर थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते नवशिक्यांसाठीच बनवलेलं आहे आणि त्यात पायथन सोबतच येतं. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडून ठेवा, पुढे कामाला येईल. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ चालतं. एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे गावात रेंज गेली तरी सराव थांबत नाही.

या लेखातला कोड मी देवनागरीत लिहिला आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, क्लासची आणि मेथडची नावं देवनागरीत चालतात. तेव्हा काटापट्टी, ओलावा, निव्वळ, सेल्फ ही नावं आहेत तशीच टाइप करा. पण क्लास (class), डेफ (def), रिटर्न (return), इफ (if), रेज (raise) हे पायथनचे राखीव शब्द आणि इनिट (init), प्रिंट (print), मॅक्स (max), राउंड (round), वार्स (vars), व्हॅल्यूएरर (ValueError) ही त्याची तयार नावं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. आकडेही इंग्रजी अंकांत टाका. कोडमध्ये थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथन चूक दाखवतो.

क्लास नसता तर काय झालं असतं

क्लासची गरज कळायची असेल तर एकदा त्याच्याशिवाय लिहून बघाच. तीन लिस्ट करा:

```
गावं = ["राळेगाव", "देवळी", "कळंब"]
वजनं = [२४८०, ८२०, १९१०]
ओलावे = [१०, ८, ११]
```

पहिल्या गाडीची माहिती प्रत्येक लिस्टमध्ये पहिल्या जागेवर, दुसरीची दुसऱ्या जागेवर. ठीक चाललंय. आता देवळीची गाडी काही कारणाने परत गेली. तुम्ही गावांतून आणि वजनांतून तिची नोंद काढली, ओलाव्यांतून काढायची राहिली. आता कळंबच्या कापसापुढे देवळीचा ८ टक्के ओलावा लागला. पायथन तक्रार करणार नाही, प्रोग्राम शेवटपर्यंत चालेल आणि पैसे चुकीचे निघतील. न सांगता होणारी अशी चूक सर्वांत वाईट.

एका गाडीची सगळी माहिती एकत्र बांधलेली हवी. गेली तर सगळी जावी, राहिली तर सगळी राहावी. शिवाय त्या माहितीवर करायची आकडेमोडही तिच्यासोबतच हवी. क्लास लागतो तो एवढ्यासाठी.

क्लास लिहिणे

```
क्लास काटापट्टी:
    भाव = ८११०

    डेफ __इनिट__(सेल्फ, गाव, भरलेलं, रिकामं, ओलावा):
        सेल्फ.गाव = गाव
        सेल्फ.भरलेलं = भरलेलं
        सेल्फ.रिकामं = रिकामं
        सेल्फ.ओलावा = ओलावा

    डेफ निव्वळ(सेल्फ):
        रिटर्न (सेल्फ.भरलेलं - सेल्फ.रिकामं) / १००

    डेफ रक्कम(सेल्फ):
        कपात = मॅक्स(०, सेल्फ.ओलावा - ८)
        दर = सेल्फ.भाव * (१०० - कपात) / १००
        रिटर्न राउंड(सेल्फ.निव्वळ() * दर, २)
```

इनिट ही नवी पट्टी बनताना आपोआप चालणारी मेथड. सेल्फ काय ते पुढे बघू. आधी आकडे कुठून आले ते सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर केला. हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओलावा आधार धरतात. त्यावर प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्याने कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. वजनं किलोत आहेत, म्हणून क्विंटल काढायला १०० ने भागलं.

हा कोड चालवा. स्क्रीनवर काहीच येणार नाही, आणि नेमकं हेच अपेक्षित आहे. पायथनला आता काटापट्टी म्हणजे काय ते कळलं, पण काटापट्टी अजून एकही फाडलेली नाही. कार्यालयात छापील कोरं पुस्तक आलं, गाडी यायची आहे, अशी ही अवस्था.

पहिली गाडी काट्यावर

```
पहिली = काटापट्टी("राळेगाव", ४३५०, १८७०, १०)
दुसरी = काटापट्टी("देवळी", ११४०, ३२०, ८)

प्रिंट(पहिली.निव्वळ(), पहिली.रक्कम())
प्रिंट(दुसरी.निव्वळ(), दुसरी.रक्कम())
```

चालवण्याआधी उत्तर वहीत काढा. ही सवय मी सगळ्यांना लावायला सांगतो, कारण आपला अंदाज आणि मशीनचं उत्तर जिथे जुळत नाही तिथेच आपली समजूत कच्ची असते. पहिलीत ४३५० वजा १८७० म्हणजे २४८० किलो, २४.८ क्विंटल. ओलावा दोन टक्के जास्त, म्हणून भाव ७,९४७.८०. रक्कम १,९७,१०५.४४. दुसरी बैलगाडी: ८.२ क्विंटल, कपात नाही, ६६,५०२ रुपये.

पहिली आणि दुसरी हे दोन इन्स्टन्स. क्लास एकच, पण प्रत्येक इन्स्टन्सचं गाव वेगळं, वजन वेगळं, ओलावा वेगळा. ऑब्जेक्ट आणि इन्स्टन्स हे शब्द रोजच्या बोलण्यात एकाच गोष्टीसाठी वापरतात. कोणत्या क्लासचा ते सांगायचं असलं की इन्स्टन्स म्हणतात. पहिली ही काटापट्टीचा इन्स्टन्स आहे.

ही कल्पना मुळात आलीच रांगांच्या हिशोबातून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवत होते. रांगेतली माणसं, काउंटर, येणारी-जाणारी वाहनं यांची नक्कल संगणकावर करायची होती. प्रत्येक गिऱ्हाईक कधी आलं, किती थांबलं, आता कुठे आहे, हे त्या त्या गिऱ्हाइकापाशी जपून ठेवावं लागत होतं. त्या गरजेतून सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले. पुढे ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूप यांनी सिम्युलाचे क्लास सी भाषेत आणायचं काम १९७९ मध्ये सुरू केलं, त्याचं सी प्लस प्लस झालं. डाल आणि न्यूगार्ड यांना संगणकशास्त्रातला २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जिनिंगच्या फाटकाबाहेरची गाड्यांची रांग हा त्यांच्याच जातीचा प्रश्न आहे.

सेल्फ: सगळ्यांचा अडकायचा खांब

"सर, सेल्फ आम्ही पाठवतच नाही, मग तो येतो कुठून?" हा प्रश्न ज्याला पडला तो बरोबर मार्गावर आहे. पुढची ओळ चालवून बघा:

```
प्रिंट(काटापट्टी.निव्वळ(पहिली))
```

उत्तर पुन्हा २४.८. म्हणजे पहिली.निव्वळ() असं लिहिलं की पायथन ते काटापट्टी.निव्वळ(पहिली) असं वाचतो. टिंबाच्या डावीकडचा इन्स्टन्स तो स्वतःच उचलतो आणि मेथडच्या पहिल्या जागेवर ठेवतो. त्या पहिल्या जागेचं नाव सेल्फ. दुसरी.निव्वळ() म्हटलं की त्याच जागेवर दुसरी येते. निव्वळ ही मेथड मेमरीत एकदाच आहे. कोणत्या पट्टीचं वजन काढायचं हे तिला सेल्फमधून कळतं.

हे पटलं की एक फसवा एरर आपोआप समजतो. समजा तुम्ही डेफ निव्वळ(): असं सेल्फविना लिहिलं आणि पहिली.निव्वळ() बोलावलं. पायथन टाइपएरर देईल आणि म्हणेल की या मेथडला शून्य आर्ग्युमेंट हवे होते, एक मिळाला. कंस तर रिकामा होता, मग एक आला कुठून? तो एक म्हणजे पहिली.

दुसरी नेहमीची चूक: इनिटमध्ये सेल्फ.गाव = गाव ऐवजी नुसतं गाव = गाव लिहिणं. तेव्हा एरर येत नाही. इनिट संपतं आणि ती माहिती हवेत विरते. पुढे कुठेतरी पहिली.गाव मागितलं की अट्रिब्यूटएरर येतो, आणि आपण शोधत बसतो भलत्याच ओळीवर. उजवीकडचं गाव हे बाहेरून आलेलं तात्पुरतं नाव आहे, तर सेल्फ.गाव म्हणजे या पट्टीवर कायमचं लिहिलेलं गाव.

इनिट ऑब्जेक्ट बनवतं असं काही नोट्समध्ये लिहिलेलं असतं. तसं नाही. इनिट चालू होतं तेव्हा ऑब्जेक्ट बनलेला असतो, इनिट त्यात माहिती भरतं. पडताळणीही इथेच करा:

```
        इफ ओलावा > १२:
            रेज व्हॅल्यूएरर("ओलावा १२ टक्क्यांच्या वर")
```

या दोन ओळी इनिटच्या सुरुवातीला टाकल्या की चुकीची पट्टी हातातच पडत नाही.

भाव कुणाचा: क्लासचा की इन्स्टन्सचा?

इथे घाई करू नका, कारण खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही याच भागात आहेत.

```
प्रिंट(वार्स(पहिली))
```

वार्स म्हणजे या इन्स्टन्सच्या पोटात काय काय आहे ते दाखवणारं फंक्शन. गाव, भरलेलं, रिकामं, ओलावा ही चार नावं दिसतील. भाव दिसणार नाही. तरीही पहिली.भाव छापलं तर ८११० येतं. पायथन आधी इन्स्टन्समध्ये शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये जातो. भाव क्लासमध्ये एकाच जागी लिहिलेला आहे आणि सगळ्या पट्ट्या तिथूनच वाचतात.

आता समजा दुसऱ्या गाडीतला कापूस मध्यम धाग्याचा निघाला:

```
दुसरी.भाव = ७७१०
```

क्लासचा भाव बदलला का? नाही. दुसरीच्या पोटात भाव नावाची नवी नोंद तयार झाली. वार्स(दुसरी) बघा, आता पाच नावं दिसतील. यापुढे दुसरी स्वतःचा भाव वाचेल, बाकीच्या क्लासचा. वाचताना पायथन क्लासपर्यंत जातो, पण लिहिताना इन्स्टन्सवरच थांबतो. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा.

आता खरा प्रश्न. पुढच्या हंगामात भाव बदलला म्हणून कुणी काटापट्टी.भाव ला नवा आकडा दिला तर? ज्या पट्ट्यांकडे स्वतःचा भाव नाही, त्या सगळ्यांची रक्कम बदलेल. गेल्या वर्षीच्या, पैसे चुकते झालेल्या पट्ट्यांचीसुद्धा! कारण रक्कम ही मेथड भाव बोलावल्या क्षणी वाचते. कागदावरच्या काटापट्टीवर त्या दिवशीचा भाव लिहिला की तो बदलत नाही. आपल्या प्रोग्राममध्येही तसंच हवं. म्हणून इनिटमध्ये एक ओळ वाढवा:

```
        सेल्फ.भाव = काटापट्टी.भाव
```

आता पट्टी फाडतानाचा भाव त्या पट्टीवर उतरला. क्लासमधला भाव नव्या पट्ट्यांसाठी, जुनी पट्टी जशीच्या तशी. एखादी माहिती कुठे ठेवायची हे ठरवताना एवढंच विचारा: क्लासमध्ये हा आकडा बदलला तर आधी बनलेल्या सगळ्या इन्स्टन्सवर त्याचा परिणाम व्हायला हवा का? क्विंटलचे १०० किलो ही गोष्ट खुशाल क्लासमध्ये ठेवा. भाव मात्र पट्टीवर.

याच जागेवर आणखी एक सापळा आहे. प्रत्येक पट्टीवर शेरे लिहायचे म्हणून कुणी क्लासमध्ये, भावाच्या खाली, शेरे = [] असं लिहितो. मग पहिली.शेरे.अपेंड("पिवळट बोंडं") केलं की तो शेरा दुसरीवरही दिसतो. इथे आपण नवं काही ठेवत नाही. क्लासमध्ये पडून असलेल्या एकाच लिस्टमध्ये भर घालतो, आणि ती लिस्ट सगळ्यांची सामाईक आहे. एका शेतकऱ्याच्या मालावरचा शेरा दुसऱ्याच्या पट्टीवर गेला तर केंद्रावर काय होईल ते सांगायला नको. सेल्फ.शेरे = [] असं इनिटमध्ये लिहा, प्रत्येक पट्टीला आपली लिस्ट मिळेल. अपेंड (append) हे नावही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं.

दोन नावं, एक पट्टी

```
तिसरी = पहिली
तिसरी.ओलावा = ९
प्रिंट(पहिली.ओलावा)
```

उत्तर ९. बरोबरच्या चिन्हाने झेरॉक्स निघत नाही. त्याच पट्टीला आणखी एक नाव मिळतं. क्लासचं नाव आणि कंस लिहिला तरच नवा इन्स्टन्स जन्माला येतो. उलट, तेच गाव, तीच वजनं आणि तोच ओलावा देऊन दोनदा काटापट्टी(...) लिहिलं तर दोन वेगळे इन्स्टन्स बनतात आणि दोन बरोबर चिन्हांनी तुलना केली तरी पायथन फॉल्स सांगतो. आपण त्याला दोन पट्ट्या सारख्या कधी मानायच्या हे शिकवलेलं नाही, म्हणून तो फक्त ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतो.

देवनागरी नावं वापरणाऱ्यांनी शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. पहिली.ओलवा = ९ असं काना विसरून लिहिलं तर पायथन मुकाट्याने ओलवा नावाची नवी नोंद करतो, खरा ओलावा तसाच राहतो. शंका आली की वार्स.

कुठे क्लास लिहू नये

क्लास आला की सगळीकडे क्लास लिहायचा मोह होतो. फक्त क्विंटलचे किलो करायचे असतील तर साधं फंक्शन पुरे. ज्या क्लासमध्ये इनिट आणि एकच मेथड आहे, आणि ज्याचा इन्स्टन्स बनवून लगेच टाकून देता, तिथे बहुतेक वेळा फंक्शनच हवं होतं. काही माहिती बराच वेळ जपायची आहे आणि तिच्यावर दोन-चार कामं पुन्हा पुन्हा करायची आहेत, तिथे क्लास शोभतो.

आता तुम्ही

केंद्र नावाचा क्लास लिहा. त्याला नाव द्या आणि इनिटमध्ये पट्ट्यांची रिकामी लिस्ट. जोड(सेल्फ, पट्टी) ही मेथड पट्टी लिस्टमध्ये घालेल, आणि एकूण_वजन(सेल्फ) प्रत्येक पट्टीचं निव्वळ बोलावून बेरीज देईल. मग हिंगणघाट आणि राळेगाव असे दोन इन्स्टन्स करा. पहिली पट्टी फक्त राळेगावला जोडा आणि दोन्हींचं एकूण वजन छापा. राळेगावचं २४.८ आणि हिंगणघाटचं ० आलं पाहिजे. दोन्हीकडे २४.८ आलं तर तुमची लिस्ट क्लासमध्ये राहिली आहे. वार्स लावून बघा, ती इन्स्टन्सच्या पोटात दिसणार नाही. ते जमलं की तीच पट्टी हिंगणघाटलाही जोडा, मग पहिली.रिकामं = १९०० करा, आणि कोणत्या केंद्राचं वजन किती येईल ते चालवण्याआधी वहीत लिहा.